केसभर हललेली नळी

मला बंदुकीचं भ्या वाटतं, हे आधीच सांगून टाकते. सहा वर्सं झाली, रोज बंदुका हाताळतीया, तरी सकाळी पहिली बंदूक घोंगडीवर ठिवली की आत काडतूस न्हाई ना, हे दोनदा बगते. दिवाळी अंकवाले सर म्हणाले, बाई, तुमच्या कामाचं लिवा, हे काम करणारी बाई आमी दुसरी बगितली न्हाई. म्या म्हणलं, सर, माझी नववीत शाळा सुटली, मला काय लिवता येणार. तर म्हणाले, बोलता तसं लिवा. मंग तसंच लिवतीया, आरू झोळीत झोपलीया तवर. ती उठली की थांबायचं, घ्यायचं, पाजायचं, परत यिऊन बसायचं. त्यामुळं कुठं तुटक वाटलं तर ते तिच्यामुळं समजा.

दुकान भोरात हाय, बाजाराच्या मागच्या गल्लीत. परवाना माझ्या सासऱ्यांच्या नावावर, आन् खाली कामगार म्हणून माझं नाव. सासऱ्यांना मी मामा म्हणते, बाकी समदा तालुका त्यांना मिस्त्री म्हणतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. आमचे हे वरव्याच्या बाजूला कंपनीत पाळीवर जात्यात. आन् मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, बारीक काम दिसंना. मंग घरात राहिलं कोण. एक दिवस मामांनी हाक मारली, "सारिका, हितं यिऊन बस आन् ह्या नळीच्या आत काय दिसतंय ते सांग."

म्या नळी दाराच्या उजेडाकडं धरली आन् डोळा लावला. आत उजेडाची कडी, एकात एक, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठत्यात तशी, पार लांबपर्यंत गेलेली. लोखंडाच्या आत असं कायतरी असंल हे मला सपनात बी वाटलं नव्हतं. म्या किती येळ बगत राहिले कुणास ठाऊक.

"मामा, लई सुंदर दिसतंय," म्या म्हणलं.

"सुंदर न्हाई इचारलं. एखादी कडी वाकडी हाय का?"

परत बगितलं. मधली एक कडी एका अंगानं चेपल्यागत व्हती.

"तितं पोचा हाय," मामा म्हणाले. त्यांनी ती नळी हातात बी घेतली नव्हती.

आमच्याकडं येणाऱ्या बंदुका शिनेमातल्या न्हाईत. ह्या शेतकऱ्यांच्या बंदुका, पीक राखायला सरकारी परवाना मिळालेल्या, बऱ्याचशा एका नळीच्या, आजापासनं बापाकडं, बापापासनं पोराकडं आलेल्या. रानडुक्कर आलं की वर तोंड करून बार काढायचा, आवाजानं पळतं. मारायचं असंल तर वनखात्याचा येगळा कागद लागतो. गिऱ्हाईकं मात्र एकेक नमुना. एक आजोबा बंदूक घिऊन आले, म्हणाले नळीतनं उजेडच दिसंना. नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, वीतभर. त्या मातीवर त्यांनी बार काढला असता तर नळीच फाटली असती. मामांचा घाम निघाला, आन् आजोबा म्हणत्यात, "आमच्या घरात कुणालाबी आसरा मिळतो." दुसरे एक कामथडीचे, त्यांच्या बंदुकीच्या टोकाची पितळी माशी पडली, तर त्यांनी डिंकानं ज्वारीचा दाणा चिकटवलेला. मामांनी दाणा काढून नवी माशी बसवली तर रागावले, म्हणाले, "तो दाणा चांगला लागू पडला व्हता."

माशी म्हंजी काय ते सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. नळीच्या टोकाला वर एक बारका मणी असतो, त्याला माशी म्हणत्यात. आन् मागं, डोळ्याच्या बाजूला, बंदुकीच्या बॉडीवर एक खाच असते. डोळा, खाच आन् माशी एका रेषेत आली की नेम धरला. पण बगा, माशी हाय नळीवर आन् खाच हाय बॉडीवर, आन् ही दोन येगळी लोखंडं हायेत. नळी धुवायला काढावी लागते. पुढचं लाकूड काढायचं, वरची कळ दाबून बंदूक मोडायची, मोडायची म्हंजी मधनं वाकवायची, आन् नळी उचलून घ्यायची. नळीच्या बुडाला खालनं एक आकडा असतो, तो बॉडीतल्या पिनेवर बसतो. सगळा खेळ त्या आकड्याचा आन् त्या पिनेचा. परत बसवताना तितं वाळूचा एक कण राहिला, जुनं तेल वाळून घट्ट झालं, न्हाईतर आकडा झिजला, की नळी केसभर तिरकी बसते. डोळ्याला सगळं सरळच दिसतं, खाच दिसते, माशी दिसते, आन् छर्रे चाळीस पावलांवर हातभर बाजूला जात्यात. मला पहिल्यांदा कळलं तवा म्या दोन दिस त्याच इचारात व्हते. हितं केस आन् तितं हात. आन् माणसाला वाटतं आपण सरळ बगतोय.

म्हणून आमच्या दुकानात एक नेम हाय, म्हंजी नियम. एका घोंगडीवर एकच बंदूक. ती खोलायची, धुवायची, जोडायची, गिऱ्हाइकाच्या हवाली करायची, मंगच दुसरी. हा नियम म्या एकदाच मोडला. त्याचंच लिवायचं हाय.

त्या उन्हाळ्यात निवडणूक झाली. निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, आन् निकालानंतर परत न्यायच्या. इतके दिस पडून राहिल्या की गंज धरत्यात, त्यामुळं लोक तितनं सरळ आमच्या दारात. त्याच आठवड्यात मामांच्या एका डोळ्याचं आपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. डाक्टरनी सांगितलेलं, वाकायचं न्हाई, धुळीत हात घालायचा न्हाई. मामा खुर्चीत बसून असायचे आन् म्या काम करायची. त्या दिवशी सकाळी डोळ्यात औषध घालून ते आत पडले व्हते.

दोन बंदुका व्हत्या. एक अक्कांची. अक्का वेल्ह्याकडच्या, गुंजवणीच्या खोऱ्यातल्या, साठीच्या पुढच्या. मालक गेल्यावर वारसानं परवाना त्यांच्या नावावर झाला. वनखात्याचा कागद बी त्यांच्याकडं असतो. दुसरी तात्यांची, ते भाटघरच्या धरणाच्या पाण्याकडंला वस्तीवर ऱ्हात्यात, उन्हाळी भुईमूग करत्यात. दोन्ही बंदुका एका नळीच्या, एकाच कारखान्याच्या, लांबीनं सारख्या. आरू तवा सात महिन्यांची. ती नुकतीच झोपली व्हती, आन् एकदा का उठली की तासभर सोडायची न्हाई. म्या इचार केला, दोन्ही नळ्या एकदमच गरम पाण्यानं धुवून घेते, तेवढा येळ वाचंल. दोन्ही खोलल्या, किटलीनं उकळतं पाणी आतनं सोडलं, आन् वाळायला उन्हात भिताडाला उभ्या केल्या, शेजारी शेजारी. तेवढ्यात आरू उठली.

तिला घेतलं, पाजलं, ढेकर काढली. परत आले. नळ्या वाळल्या व्हत्या. एक उचलली, बसवली, बसली. दुसरी उचलली, जरा अडली. म्या बंदूक गुडघ्यावर घेतली आन् तळहातानं दाबली, बसली. नंबर बगितला का, तर बगितला, पण बॉडीवरचा. नळीचा नंबर खाली असतो, लाकडाखाली, आन् लाकूड म्या घाईत आधीच चढवलं व्हतं. नंबर वहीशी जुळला. दुपारी तात्या येऊन त्यांची घिऊन गेले, मागोमाग अक्का त्यांची. मामांनी इचारलं, "दोन्ही नीट बसल्या?" म्या म्हणलं, "व्हय."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अक्का परत दारात. नसरापूरवरनं एसटी बदलून आलेल्या, घामानं भिजलेल्या, खांद्यावर गोधडीची शिवलेली पिशवी, त्यात बंदूक.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "माझं वय झालं का तुमच्या दुकानाचं, ते सांगा."

"काय झालं अक्का?"

"ठाण्यातनं आली की म्या बांधाला कागद लावून एक बार काढून बगते, हे तुमालाच म्हाईत. काल उन्हं असताना काढला. कागद जाग्यावर, आन् शेजारची करवंदीची जाळी पार झडली. मला वाटलं हात हलला. दुसरा काढला, परत करवंदच." मंग माझ्याकडं बगून म्हणाल्या, "सुनबाई, करवंदं खायला डुक्कर येत न्हाई गं."

मामांनी हात पुढं केला. अक्कांनी आधी बंदूक मोडून मोकळी हाय हे दाखवलं, मंग हातात दिली. मामांनी काळा चष्मा काढला न्हाई, उजेडाकडं तोंड केलं न्हाई. कानाजवळ घेतली आन् नुसती मिटली. टक. परत मोडली, परत मिटली. टक. मला तो आवाज रोजच्यासारखाच वाटला.

"ही नळी हिची न्हाई," मामा म्हणाले.

 मामा बोलत व्हते, हळू, जसं कुणाचं दुखणं सांगावं तसं. अक्कांचे मालक व्हते तवा ह्या बंदुकीची पिन झिजली व्हती, नळी खुळखुळ करायची. पिन बदलण्याजोगी नव्हती, म्हणून मामांनी नळीच्या आकड्यावर पितळ चढवून तो जाड केला, कानशीनं घासून पिनेवर बरोबर बसवला. ती जाड आकड्याची नळी मिटताना दबका आवाज करते. "हा आवाज पातळ आकड्याचा हाय. आत हलतोय, म्हणून करवंदं झडली. हिची नळी कुठं गेली, सारिका?"

 गुडघ्यावर दाबलेली बंदूक डोळ्यापुढं आली. जाड आकडा, तात्यांच्या चांगल्या पिनेवर. म्या सगळं सांगितलं, आरू झोपली व्हती ते बी.

मामा मला एक शबूद वाईट बोलले न्हाईत. इतकंच म्हणाले, "जाड आकडा तितं पुरता बसणार न्हाई. मिटल्यागत वाटंल, पण कळ आतनं अर्धीच धरंल. बार काढला की बंदूक तोंडावर उगडंल."

तात्यांना फोन लावला. पाण्याच्या त्या अंगाला रेंज नसती, बाई सांगत राहिली संपर्क क्षेत्राच्या बाहेर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. रात्री ते राखणीला बसले असतील का, बार काढला असंल का, हा इचार मनात आला आन् म्या परत परत नंबर लावत राहिले. मामा उठले, कोट घातला.

"मामा, डाक्टरनी धुळीत जायचं न्हाई म्हणलंय."

"चल. आरूला घे. अक्का, तुमी बी चला, तुमची बंदूक घिऊन."

शिटा भरून चालणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मागं आमी चौघं, काळ्या चष्म्यातले मामा, मांडीवर गोधडीची पिशवी घेतलेल्या अक्का, मी आन् माझ्या कडेवर आरू. डायवर आरशातनं बगत व्हता.

"आज्जी, त्या पिशवीत काय तंबोरा हाय का?"

"तंबोराच हाय," अक्का म्हणाल्या. "तू गाडी नीट चालीव, न्हाईतर वाजवून दाखवीन."

सगळी गाडी हसली. मला हसू येईना. वाटंनं कुठं ट्रॅक्टरनं धाड केलं की मी दचकायची. आरूच्या टाळूवर हनुवटी ठिवून बसले व्हते. मनात सारखं एकच, तात्यांचं तोंड, त्यांच्या पांढऱ्या मिशा. एवढंसं लोखंड, बोटाच्या पेराएवढा आकडा, त्यावर मामांनी चढवलेलं पितळ नखाच्या जाडीचं बी नसंल, आन् त्याच्यावर एका माणसाचं डोकं. अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठिवला. म्हणाल्या, "तुझी पोर तुझ्यापेक्षा निवांत हाय बग."

फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चाललो. मामांना पुढं फक्त पांढरं दिसत व्हतं, त्यांनी माझा पदर धरला व्हता. अंगणात पोचलो आन् बगितलं तर तात्या ओट्यावर बसलेले, बंदूक मांडीवर, हातात धुणं धुवायची मोगरी. मोगरीनं ते नळीवर ठोकत व्हते.

"या मिस्त्री, बरं झालं आला. नळी लई कडक बसलीया. म्हणलं जरा ठोकून सैल करावी."

"तात्या, ती बंदूक हाय का गोधडी," अक्का म्हणाल्या.

"काडतूस हाय आत?" मामांनी इचारलं.

"अजून न्हाई. काल वस्तीवर लग्नाचा डीजे, डुकरं फिरकलीच न्हाईत. आज बसायचं हाय राखणीला."

"खाली ठिवा ती."

मामांचा तसा आवाज म्या कधी ऐकला नव्हता. तात्यांनी मोगरीसकट बंदूक खाली ठिवली. म्या आरूला घिऊन मातीतच बसले.  मला वाटलं पुढचं मामा सांगतील. ते सांगंनात. मला कळलं, हे म्याच सांगायचं हाय.

"तात्या, तुमची नळी अक्कांकडं गेली आन् अक्कांची तुमच्याकडं आली. म्या दोन्ही एकदम खोलल्या व्हत्या. माझ्या हातनं झालं."

"म्हंजी मिस्त्रींनी न्हाई केली ही?"

"न्हाई. म्या केली."

"आन् म्या काल बार काढला असता तर?"

"तर तुमच्या तोंडावर आला असता," मामा म्हणाले.

 तात्या मिशीवरनं हात फिरवत राहिले. मंग म्हणाले, "मिस्त्री, आता तुमी तुमच्या हातानं बसवा. ह्या पोरीचा हात नको."

"माझा एक डोळा बांधलाय आन् दुसऱ्यात धुकं हाय. हात तिचाच लागंल. सांगायला मी हाय. नको असंल तर बंदूक अशीच ठिवा, पण मंग राखणीला काठी घिऊन बसा."

"काठी बरी हाय तात्या," अक्का म्हणाल्या. "डुक्कर बी तुमच्याकडं बगून जरा इचार करंल."

तात्यांनी घोंगडी आणून टाकली. एकच बंदूक. आधी तात्यांची. नळी उतरवली, लाकूड बाजूला केलं, खालचा नंबर म्या मोठ्यानं वाचला. मंग अक्कांची नळी घेतली, तिचा वाचला. दोन येळा वाचले. मामा म्हणाले, "अजून एकदा." अजून एकदा वाचले. नळ्यांची अदलाबदल केली. आता तात्यांची नळी तात्यांच्या बॉडीवर बसायला पायजे व्हती, तर ती पण अडाय लागली. काल म्या दाबली आन् आज ह्यांनी मोगरीनं ठोकली, त्यात पिनेपाशी लोखंडाला बारीक कंगोरा आला व्हता. डोळ्याला दिसंना, नखाला लागंना.

"काजळी धर," मामा म्हणाले. दुकानात आमी चिमणीच्या काजळीवर आकडा काळा करतो. मंग नळी बसवायची आन् काढायची. जितं घासलं तितलं काळं समोरच्या पिनेवर उठतं, तेवढंच अडतंय हे कळतं. तात्यांच्या घरात चिमणी नव्हती, राकेल तर कवाच बंद झालेलं. म्या आरूच्या झबल्याच्या पिशवीत हात घातला, तिच्या काजळाची डबी काढली. करंगळीनं आकड्याला काजळ लावलं, लेकराच्या डोळ्यात घालतो तसं, पातळ. नळी बसवली, उचलली. पिनेच्या डाव्या कडंला एक काळा ठिपका उठला व्हता, मोहरीएवढा.

"किती?"

"मोहरीएवढा, डाव्या अंगाला."

"पानपट्टीचा दगड घे," म्हंजी आमच्याकडचा धार लावायचा बारीक दगड, मामांच्या कोटाच्या खिशात असतो. "तीन हात. चौथा मारायचा न्हाई."

तीन हात मारले. पुसलं. काजळ लावलं, बसवलं, उचललं. ठिपका अर्धा झाला. परत दोन हात. परत काजळ. आरू घोंगडीच्या कडंला बसून माझ्या काळ्या बोटांकडं बगत व्हती, अक्कांनी तिला धरून ठिवलं व्हतं. म्या किती येळा केलं मोजलं न्हाई. मामा दर येळी बंदूक मिटायला सांगायचे आन् मान तिरकी करून ऐकायचे.

"न्हाई."

परत.

"न्हाई. जवळ आली."

परत. टक. मला तर सगळे टक सारखेच. मामा म्हणाले, "ही." आन् म्या उचलून बगितलं तर पिनेवर काजळ सारखं पसरलं व्हतं, एक ठिपका जादा न्हाई, एक कमी न्हाई. त्यांना दिसत नव्हतं आन् मला दिसत व्हतं, आन् आमी दोघं एकाच जागी पोचलो व्हतो.  सगळं काजळ पुसून काढलं, तेलाचा हात फिरवला, इतका पातळ की बोटाला नुसता लागावा. मंग अक्कांची बंदूक. ती आपल्या नळीवर पहिल्या झटक्यातच बसली, दबक्या आवाजात. तेवढा आवाज मला बी ओळखू आला. आता आमी प्रत्येक बंदुकीच्या सांध्यावर खालनं एक बारीक रेघ वढतो, अर्धी नळीवर अर्धी बॉडीवर, जुळली तरच पुढं. ती रेघ आधीच वढायला पायजे व्हती, असं मामा आजून म्हणत्यात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण ते स्वतःला बोलत्यात, मला न्हाई.

तात्यांच्या शेताच्या खालच्या बाजूला उंच बांध हाय, मागं नुसती टेकडी. वस्तीवरची पोरं वर घरात पाठवली, आरू तेवढी माझ्या कडेवर राहिली, आन् मामांना मागं खुर्ची टाकली. बांधाला वर्तमानपत्र लावलं, मधी चुन्याचा ठिपका. चाळीस पावलं मोजली. मातीनं भरलेलं पोतं ठिवलं, त्यावर नळी टेकायची, म्हंजी हात हलला ही सबब नको.

आधी अक्का. त्यांनी पोत्यावर बंदूक टेकवली, तेवढ्यात मामा खुर्चीवरनं उठले आन् चाचपडत यिऊन त्यांच्या उजव्या खांद्याशी चिकटून उभे राहिले. म्या म्हणलं, "मामा, मागं व्हा, डोळ्यात धूर जाईल."

"गप गं," अक्का म्हणाल्या, डोळा खाचेवरच. "मिस्त्री पहिल्या बाराला असेच उभे ऱ्हात्यात. ज्यानं नळी बसवली त्यानं हितं उभं ऱ्हायाचं. फुटली तर दोघांच्या तोंडावर."

मला हे म्हाईत नव्हतं. आधी म्या नुसतं धुणं-पुसणं करायची, नळी बसवायला लागून सहाच महिने झाले व्हते, आन् बार काढायची येळ आली की मामा मला कायतरी आणायला धाडायचे. पाणी आण, तांब्या आण. बार झाला. कागदाच्या मधी चुना उडाला, छर्रे गोल, चारी अंगाला सारखे. अक्का म्हणाल्या, "करवंदं वाचली."

मंग तात्या. तात्यांनी काडतूस घातलं, बंदूक मिटली, पोत्यावर टेकवली. मामा उठलेले व्हतेच. ते दोन पावलं गेले, आन् थांबले. माझ्याकडं तोंड केलं.  परत खुर्चीकडं गेले आन् बसले.

 आरूला म्या अक्कांच्या कडेवर दिलं. ती रडाय लागली, तिच्या मुठीत माझा पदर अडकला व्हता, तो सोडवून घेतला. चालत गेले. तात्यांच्या उजव्या खांद्याशी उभी राहिले, इतकी जवळ की त्यांच्या सदऱ्याला तंबाखूचा वास यायला लागला. माझं तोंड त्या सांध्यापासनं हातभर बी नव्हतं. मागं आरू रडत व्हती आन् मला वाटलं जावं निघून, म्हणावं मला जमत न्हाई, मी घरचं काम करीन.

तात्यांनी डोळा खाचेवरनं काढला. माझ्याकडं बगितलं.

"भ्या वाटतंय?"

"व्हय तात्या."

"मला बी," तात्या म्हणाले. "उभी ऱ्हा."

मंग त्यांनी चाप वढला.

दणका छातीत बसला. धूर आला, कडू वास आला. म्या डोळे मिटले न्हाईत. कसं जमलं म्हाईत न्हाई. म्या त्या सांध्याकडं बगत व्हते, नळी आन् बॉडी जितं मिळत्यात त्या रेषेकडं, आन् ती रेष हलली न्हाई. केसभर बी न्हाई. बाराच्या आधी जशी व्हती तशीच बाराच्या नंतर. एवढी आग आतनं गेली आन् ती रेष तशीच बंद.

तात्यांनी बंदूक मोडली, गरम काडतूस काढून माझ्या तळहातावर ठिवलं. बूड पिवळं सोन्यासारखं, मागनं धूर लागल्याची काळी खूण कुठंच न्हाई, म्हंजी सांध्यातनं आग मागं आलीच न्हाई.

"सारिका," खुर्चीतनं मामांनी हाक मारली, "कागदावर कुठं लागलं?"

म्या बांधाकडं बगितलं. इतका येळ तिकडं बगायचंच राहिलं व्हतं.

"बगते मामा," म्या म्हणलं, आन् काडतूस मुठीत धरून बांधाकडं चालाय लागले.  मागनं तात्यांचा आवाज आला, अक्कांना सांगत व्हते, "पुढच्या येळी बी हिच्याकडनंच बसवून घेणार मी. पण लेकरू झोपलेलं नसताना."